डिसोटो बंद का पडली? मधल्या किमतीच्या एका अमेरिकन गाडीचा उदय आणि अस्त

आपल्या आजोबांकडे १९५० च्या दशकात मुंबईत डिसोटो होती, असे आपण लिहिले आहे. तिच्याविषयी शोध घेताना, १९५७ साली लाखाहून अधिक गाड्या खपणारे हे नाव १९६० च्या अखेरीस एकाएकी बंद झाल्याचे आपल्याला आढळले. गाडी वाईट निघाली की १९५८ च्या मंदीने तिचा बळी घेतला, आणि तिला वाचवता आले असते का, असा आपला प्रश्न आहे. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. डिसोटो ही स्वतंत्र कंपनी कधीच नव्हती; क्रायस्लर कॉर्पोरेशनच्या पाच नावांपैकी ते एक नाव होते. त्यामुळे गिऱ्हाइकांनी पाठ का फिरवली, एवढेच विचारून भागत नाही. मालकालाच या नावाची गरज का उरली नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मंदीच्या बरेच आधी सुरू होते.

माझे काम गाड्यांच्या उद्योगात प्रॉडक्ट प्लॅनिंगचे, म्हणजे कोणती गाडी कोणत्या किमतीला, कोणकोणत्या व्हेरियंटमध्ये आणि कोणाच्या शोरूममधून विकायची हे ठरवण्याचे. आधी पुण्यात आणि पुढे मिशिगनमध्ये हेच काम केल्यामुळे एखाद्या नावाची प्रकृती तपासताना मी खपाचे आकडे शेवटी पाहतो. त्याआधी तीन गोष्टी पाहतो: वरच्या आणि खालच्या भावंडांपासून तिच्या किमतीचे अंतर किती आहे, गाडीतले स्वतःचे असे काय आहे, आणि ती विकणाऱ्याचे पोट नेमके कशावर भरते. मधल्या किमतीची प्रत्येक गाडी बुडतेच असे मात्र मी म्हणणार नाही. मालक कंपनी किती मोठी आहे, बाजार वाढतो आहे की आटतो आहे, आणि वरच्या-खालच्या नावांवर कोणाचा अंकुश आहे, यांवर पुष्कळ अवलंबून असते.

आजोबांच्या गाडीचा विषय आधी घेतो, कारण मूळ दुखणे तिच्यातच दिसते. वालचंद समूहाने १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या गाड्यांची जुळणी सुरू केली. तिथून बाहेर पडणाऱ्या डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट आणि प्लिमथ सॅव्हॉय या तिन्ही गाड्या मुळात प्लिमथच होत्या. समोरची जाळी, बिल्ले आणि सजावट तेवढी निराळी असे. परदेशातल्या डिसोटो विक्रेत्यालाही स्वस्त गाडी हवी असायची, म्हणून क्रायस्लरने प्लिमथवर डिसोटोचे नाव चढवून ती निर्यात करण्याची सोय काढली होती. आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांत ‘डिप्लोमॅट’ असा उल्लेख असेल, तर आजोबा ज्या गाडीत बसत ती अमेरिकेतल्या मधल्या किमतीच्या डिसोटोपेक्षा दोन पायऱ्यांनी खालची होती. हा गाडीचा कमीपणा नव्हे. मुंबईच्या रस्त्यांना आणि तेव्हाच्या पेट्रोल-खर्चाला तीच अधिक सोयीची होती. पण एकाच पत्र्यावर तीन नावे चढवता येतात हे एकदा कळले, की त्यातले एखादे नाव उतरवणेही तितकेच सोपे असते.

आता जन्माकडे वळू. १९२८ साली वॉल्टर क्रायस्लर यांच्याकडे वरच्या किमतीची क्रायस्लर होती, आणि फोर्ड व शेव्हरोलेशी भिडण्यासाठी स्वस्त प्लिमथ त्यांनी त्याच वर्षी आणली. मधल्या पट्ट्यासाठी त्यांना डॉज हवी होती. डॉज बंधू १९२० मध्येच वारल्यानंतर ती कंपनी डिलन, रीड या बँकेच्या हाती गेली होती आणि बँक चांगला भाव मागत होती. अशा वेळी क्रायस्लर यांनी मधल्या किमतीची स्वतःची सहा सिलिंडरची गाडी तयार करून सोळाव्या शतकातल्या एर्नांदो दे सोतो या स्पॅनिश मोहीमकर्त्याचे नाव तिला दिले. डॉज मिळाली नाही तर हाती काहीतरी असावे, आणि मिळणार असेल तर बँकेवर दबाव राहावा, असा दुहेरी उपयोग त्या गाडीचा होता, असे माझे मत आहे. पण जुलैच्या अखेरीस डॉजचा सौदा पुरा झाला आणि ऑगस्टमध्ये डिसोटो बाजारात आली. पहिल्या बारा महिन्यांत सुमारे ८१ हजार गाड्या गेल्या. नव्या नावाच्या पहिल्या वर्षाचा हा अमेरिकेतला विक्रम १९६० ची फोर्ड फाल्कन येईपर्यंत टिकला.

या विक्रमाचे कौतुक सगळेच करतात. पण माझ्या धंद्यातल्या माणसाला त्या वर्षी दिसणारी गोष्ट वेगळी आहे. एकाच जागेसाठी क्रायस्लरकडे आता दोन गाड्या झाल्या. डॉजकडे जुने नाव, प्रचंड कारखाना आणि देशभर पसरलेले विक्रेते होते, तर डिसोटोकडे फक्त नवेपणा होता. सुरुवातीला डिसोटो डॉजच्या खाली होती. १९३३ मध्ये दोघींची अदलाबदल करून तिला डॉजच्या वर आणि क्रायस्लरच्या खाली बसवण्यात आले. नाव जन्मल्यावर पाच वर्षांत त्याची पायरी बदलावी लागते, याचा अर्थ ती पायरी गिऱ्हाइकाने दिलेली नसून कार्यालयातल्या तक्त्याने दिलेली आहे. गिऱ्हाइकाच्या मनात ज्या गाडीची जागा पक्की असते, ती अशी हलवता येत नाही.

पुढच्याच वर्षी एअरफ्लो या अगदी नव्या आकाराच्या गाडीचे प्रकरण घडले. वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या करून घडवलेला आकार, पुलाच्या सांगाड्यासारखी मजबूत बॉडी, प्रवाशांची आसने दोन्ही आसांच्या मध्ये आणल्यामुळे मिळालेला आरामदायी प्रवास, असे क्रायस्लरचे अभियंते कार्ल ब्रीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम अभियांत्रिकीच्या दृष्टीने काळाच्या पुढचे होते, आणि गोलाकार नाकाची ती गाडी लोकांना मुळीच आवडली नाही. क्रायस्लर या नावाखाली १९३४ मध्ये एअरफ्लोच्या जोडीला नेहमीच्या आकाराची सहा सिलिंडरची गाडीही ठेवली होती, म्हणून ते नाव तरले. डिसोटोकडे मात्र त्या वर्षी एअरफ्लोखेरीज काहीच नव्हते. वर्षाचे उत्पादन जेमतेम १४ हजारांच्या घरात राहिले आणि १९३५ मध्ये घाईने साध्या आकाराची एअरस्ट्रीम आणावी लागली. प्रयोग कोणाच्या जिवावर करायचा हे ठरवताना कंपनीने कोणाला पुढे केले, हे इथे लक्षात घ्यावे.

त्यानंतरची वीस वर्षे एकंदरीत बरी गेली. १९३६ मध्ये डेट्रॉइटच्या वायोमिंग अॅव्हेन्यूवर डिसोटोला स्वतःचा कारखाना मिळाला. १९४२ च्या गाड्यांना झाकणाआड लपणारे हेडलाइट आले. न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांनी तिची मोठी, दणकट बॉडी उचलून धरली. १९५२ मध्ये फायरडोमचे २७६ घनइंचांचे, १६० अश्वशक्तीचे हेमी (म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षांचे) व्ही-८ इंजिन आले, १९५५ मध्ये कंपनीचे डिझायनर व्हर्जिल एक्सनर यांच्या रेखाटनांनी सगळ्याच क्रायस्लर गाड्यांचे रूप पालटले, आणि विनोदवीर ग्रौचो मार्क्स यांच्या प्रश्नमंजूषेला डिसोटो-प्लिमथ विक्रेत्यांचे प्रायोजकत्व असल्यामुळे नाव घरोघरी पोचले. १९५७ च्या अॅडव्हेंचरर या मॉडेलमध्ये ३४५ घनइंचांचे इंजिन ३४५ अश्वशक्ती देत असे, आणि तेही कोणताही जादा पर्याय न घेता. त्या वर्षी सुमारे १ लाख १७ हजार गाड्या तयार झाल्या. वरून पाहिले तर प्रकृती उत्तम होती.

परंतु मी म्हटलेले किमतीचे अंतर याच वर्षांत दोन्ही बाजूंनी बुजत होते. १९५५ मध्ये क्रायस्लर कॉर्पोरेशनने जनरल मोटर्सच्या महागड्या कॅडिलॅकशी बरोबरी करण्यासाठी इंपीरियल हे वेगळे नाव केले. त्याने क्रायस्लर या नावाचा वरचा मजला काढून घेतला, आणि खपाचे आकडे राखायचे तर त्या विभागाला खाली पाहणे भाग पडले. खालच्या बाजूने डॉज आपल्या वरच्या मॉडेलांत अधिक मोठे इंजिन आणि अधिक क्रोम घालत डिसोटोच्या किमतीपर्यंत पोचली होती. डिसोटोनेही स्वस्थ न बसता १९५७ मध्ये फायरस्वीप हे स्वस्त मॉडेल काढले, ते डॉजच्याच १२२ इंची व्हीलबेसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या तेवढ्याच अंतरावर. १९५८ मध्ये क्रायस्लरने आपली सर्वांत स्वस्त विंडसर त्याच व्हीलबेसवर आणून ठेवली. म्हणजे डॉज, डिसोटो आणि क्रायस्लर या तीन नावांच्या गाड्या एकाच मापाच्या पायावर, एकमेकींच्या किमतीला खेटून उभ्या राहिल्या. रेल्वेच्या स्लीपर डब्यातला मधला बर्थ जसा वरच्या आणि खालच्या प्रवाशाच्या मर्जीवर उघडतो, तशी डिसोटोची अवस्था झाली होती.

इथे बाहेरचा माणूस विचारतो की हे कंपनीत कोणाला दिसत नव्हते का. दिसते, पण सगळे एकदम कधीच दिसत नाही. मी अशा बैठकांना बसलो आहे जिथे खालच्या नावाचा विक्रीप्रमुख एक जादा व्हेरियंट मागतो आणि त्याची मागणी संपूर्णपणे रास्त असते, कारण त्याचे गिऱ्हाईक वर सरकताना प्रतिस्पर्ध्याकडे जात असते. पुढच्या तिमाहीत वरच्या नावाचा प्रमुख एक स्वस्त व्हेरियंट मागतो आणि त्याचेही म्हणणे तितकेच रास्त असते. दोन्हींना मंजुरी मिळते. या दोघांच्या मध्ये असलेल्या नावाचा प्रतिनिधी त्या बैठकीत असला, तरी त्याच्याकडे ‘आमची जागा जाईल’ यापलीकडे आकड्यांत मांडता येईल असे काही नसते, कारण जे गिऱ्हाईक अजून गेलेले नाही ते तक्त्यात दाखवता येत नाही. हे थांबवायला सर्व नावांच्या वर बसलेला, ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेला एक माणूस लागतो. जनरल मोटर्समध्ये तिचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकात हेच शिस्तीचे काम केले होते. क्रायस्लरमध्ये तशी शिस्त १९५० च्या दशकात टिकली नाही, असेच त्या मॉडेलांच्या याद्या सांगतात.

दुसरी कसोटी स्वतःचेपणाची. तीही याच काळात ढासळली. १९५८ मध्ये डिसोटोचे स्वतःचे हेमी इंजिन बंद करून भावंडांबरोबर वाटून घेतलेले नवे व्ही-८ बसवण्यात आले. ते स्वस्त, हलके आणि पुरेसे ताकदवान होते, म्हणून निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. त्याच सुमारास जुळणी वायोमिंग अॅव्हेन्यूवरून क्रायस्लरच्या जेफर्सन अॅव्हेन्यू कारखान्यात हलवण्यात आली. १९६० मध्ये चॅसिस आणि बॉडी एकजीव असलेली नवी रचना आली, तेव्हा डिसोटो आणि क्रायस्लर शेजारी उभ्या केल्या तर सामान्य माणसाला फरक शोधावा लागे. पत्र्याला आकार देणारे डाय, म्हणजे साचे, फार महाग असतात. खप घटलेल्या नावासाठी वेगळे डाय करायला कोणताही हिशेबनीस पैसे देत नाही, आणि वेगळे डाय नसले की खप आणखी घटतो. या चक्रात सापडलेले नाव बाहेर पडताना मी क्वचितच पाहिले आहे.

मंदी आणि दर्जा या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या या पार्श्वभूमीवर पाहिल्या पाहिजेत. १९५७ ची मॉडेले घाईने बाजारात आणली होती. पाणी गळणे, लवकर गंज चढणे, पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार तुटणे अशा तक्रारी सगळ्याच क्रायस्लर गाड्यांबाबत आल्या. फटका मात्र सारखा बसत नाही. स्वस्त गाडी घेणारा कुरकुर करून पुन्हा स्वस्तच घेतो, अतिमहाग गाडी घेणाऱ्याला विक्रेता सांभाळून घेतो, पण चार पैसे जास्त मोजून मधली गाडी घेणारा माणूस ते चार पैसे दर्जासाठीच मोजत असतो, आणि तो फसला की परत येत नाही. त्यातच १९५८ ची मंदी आली. मधल्या किमतीच्या जवळपास प्रत्येक अमेरिकन गाडीचा खप घसरला, आणि फोर्डने सप्टेंबर १९५७ मध्ये वाजतगाजत आणलेली एड्सेल नोव्हेंबर १९५९ मध्ये बंद करावी लागली. डिसोटोचे उत्पादन वर्षभरात निम्म्याहून खाली, ५० हजारांच्या आत आले. १९५९ मध्ये बाजार सावरू लागला तरी ते ४६ हजारांच्या आसपासच राहिले आणि १९६० मध्ये २६ हजारांवर उतरले. मंदी हेच कारण असते, तर १९५९ चा आकडा वर जायला हवा होता.

तिसरी बाब विक्रेत्यांची. ती फारशी लिहिली जात नाही, पण माझ्या मते शेवटचा धक्का तिथून बसला. १९३० पासून क्रायस्लर, डॉज आणि डिसोटो या तिन्ही विक्रेत्यांना प्लिमथ विकण्याची मुभा होती. डिसोटो विक्रेत्याचे दुकान त्यामुळे खरे तर प्लिमथवर चाले. डिसोटो हा वरचा नफा असे. १९६० च्या मॉडेलांपासून डॉजच्या विक्रेत्यांकडून प्लिमथ काढून घेण्यात आली आणि त्यांची भरपाई म्हणून प्लिमथच्याच किमतीची डॉज डार्ट त्यांना देण्यात आली. डॉज आता खालपासून वरपर्यंत संपूर्ण नाव झाले. डिसोटोचा विभाग प्लिमथ आणि नव्या छोट्या व्हॅलियंटबरोबर एकत्र करण्यात आला, आणि ज्या विक्रेत्याच्या दारात मागणी असलेली प्लिमथ आणि व्हॅलियंट उभ्या आहेत, तो तीन आठवडे पडून राहणाऱ्या डिसोटोसाठी घाम गाळत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्यालाही बँकेचे व्याज भरायचे असते.

मग शेवट पटकन आला. १९६१ साठी (अमेरिकेत पुढच्या वर्षाची मॉडेले आदल्या वर्षीच बाजारात येत) क्रायस्लरने न्यूपोर्ट हे मॉडेल २,९६४ डॉलर या आरंभीच्या किमतीला आणून त्याची भरपूर जाहिरात केली. त्याच हंगामातल्या डिसोटोच्या दोन्ही गाड्या ३,१०० डॉलर किंवा त्याहून वर होत्या. वरच्या पायरीवरचे अधिक मानाचे नाव खालच्या पायरीहून स्वस्तात मिळू लागले, तेव्हा डिसोटो घेण्याचे कारण सांगणे कोणत्याही विक्रेत्याला अशक्यच होते. त्या हंगामात दोन दारांची आणि चार दारांची अशा दोनच प्रकारांत ती आली, आणि बाजारात येऊन दीड महिना होतो न होतो तोच, ३० नोव्हेंबर १९६० रोजी, क्रायस्लरने ती बंद करत असल्याचे जाहीर केले. १९६१ च्या गाड्या तीन हजारांच्या थोड्याच वर निघाल्या. एकंदर वीस लाखांहून अधिक गाड्यांचा तो शेवट होता. तुर्कस्तानात मात्र ट्रकांवर डिसोटो हे नाव नंतर पुष्कळ वर्षे दिसत राहिले.

तेव्हा आपल्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर थोडक्यात असे: गाडी काही वर्षे सदोष होती आणि मंदीने तिला जखमी केले, परंतु ती मेली ती वरच्या आणि खालच्या भावंडांनी तिची जागा भरून काढल्यामुळे, आणि तोवर तिच्याकडे स्वतःचे इंजिन, कारखाना किंवा तिच्यावर पोट असलेला विक्रेता यांपैकी काहीच उरले नव्हते.

वाचवता आले असते का, याचे उत्तर परिस्थितीसापेक्ष आहे. तुलनेसाठी जनरल मोटर्सची पॉन्टियाक पाहावी. तीही मधल्या किमतीची, तिलाही १९५८ च्या मंदीचा मार बसला. पण १९५६ पासून तिची सूत्रे सांभाळणाऱ्या बंकी नडसेन यांच्याकडे स्वतःचे व्ही-८ इंजिन होते, शर्यतींतून कमावलेली नवी ओळख होती आणि १९५९ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर वाढवून त्यांनी गाडीला दुरून ओळखू येईल असे रूप दिले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पॉन्टियाक अमेरिकेत खपाच्या तिसऱ्या क्रमांकावर होती. फरक एवढाच नव्हता. जनरल मोटर्सचा एकूण खप इतका मोठा होता की पाच नावांमध्ये वाटूनही प्रत्येकाच्या वाट्याला वेगळे डाय परवडण्याइतके आकडे येत. क्रायस्लरकडे पाच नावे होती, पण तेवढा खप नव्हता. पुढे तेवढा खप जनरल मोटर्सकडेही राहिला नाही आणि २००४ मध्ये ओल्ड्समोबिल, २०१० मध्ये पॉन्टियाक गेली; फोर्डची मर्क्युरी २०११ च्या आरंभी थांबली, आणि डिसोटोला ज्यांच्यासाठी जागा करावी लागली त्यांपैकी प्लिमथ २००१ मध्ये बंद झाली.

माझ्याकडे १९५५ साली हा प्रश्न आला असता, तर मी इंपीरियल वेगळी करण्याच्या निर्णयाबरोबरच क्रायस्लर आणि डॉज यांच्या किमतींना लेखी मर्यादा घालण्याची अट ठेवली असती, आणि ती मान्य होणार नसेल तर डिसोटो १९५७ च्या भरात असतानाच गुंडाळून तिच्या विक्रेत्यांना क्रायस्लरच्या विक्रेत्यांशी शांतपणे जोडून घ्यावे, असे सुचवले असते. दुसरा पर्याय त्या वेळी कोणी मान्य केला असता असे मला वाटत नाही, कारण लाखावर खप असलेले नाव बंद करा म्हणणाऱ्या माणसाला त्या खोलीत पुन्हा बोलावले जात नाही. पण तीन वर्षांनी, चालू हंगामात, नव्या गाड्या शोरूममध्ये उभ्या असताना बंदची घोषणा झाली, तेव्हा शेकडो विक्रेत्यांच्या गळ्यात पडून राहिलेला माल आणि एकाच गावात दोन-दोन क्रायस्लर विक्रेते झाल्यामुळे उठलेली भांडणे, ही सगळी किंमत कंपनीला तरीही मोजावीच लागली.